टँक मोठा केला आणि माशांची शिस्तच बिघडली?

शंकासुर:
माझे १८ रमीनोज टेट्रा आधी २ फुटी टँकमध्ये होते, तेव्हा नुसते गोल गोल फिरायचे, एकामागे एक. आठवड्यापूर्वी ४ फुटीत हलवले तर आता सरळ या टोकाकडून त्या टोकाला जातात, काचेपाशी वळतात, परत येतात आणि मधेच ५-६ जण फुटून झाडांत घुसतात. जागा जास्त झाली म्हणून थवा मोडतोय का?

काचेपलीकडे:
नाकं लालभडक आहेत ना? म्हणजे मासे ठणठणीत आहेत, निवांत राहा. घाबरले की उलट जास्त चिकटून पोहतात, सैल पडणं बऱ्याचदा चांगलंच लक्षण असतं.

उलटाप्रवाह:
थव्याला पुढारी नसतो हो. प्रत्येक मासा आजूबाजूच्या दोन-चार जणांकडे बघतो, फार जवळ आला तर सरकतो, जरा लांब असेल तर त्याची दिशा पकडतो, फारच लांब गेला तर त्याच्याकडे ओढला जातो, बास. शिवाय अंगावरच्या पार्श्वरेखेने शेजाऱ्याची हालचाल पाण्यातून कळते. आता यात काच आणा. छोट्या टँकमध्ये सरळ पोहायला लागलं की लगेच काच येते, सारखं वळावं लागतं आणि एकाने डावीकडे वळण घेतलं की मागचे पण डावीकडेच. न थांबता पोहायचं तर गोल फिरणं सोपं पडतं. म्हणजे ती शिस्त बरीचशी काचेची होती, माशांची नाही 😄

गणितवाला:
काचेचं पटतं, पण संख्या पण धरा. भौतिकशास्त्रज्ञ विचेक यांच्या १९९५ च्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये फिरत्या ठिपक्यांची गर्दी एका मर्यादेपलीकडे वाढली की सगळे एका दिशेने जायला लागतात. पण ते ठिपके, मासे नव्हेत, मासे जागा दुप्पट दिली म्हणून दुप्पट पसरत नाहीत, आपापलं अंतर सांभाळून एकत्रच राहतात. गोल्डन शायनर नावाच्या छोट्या माशांवरचा २०१३ चा प्रयोग बघा, साधारण २.१ बाय १.२ मीटरचा उथळ टँक, ३०, ७०, १५० आणि ३०० मासे. टँक तोच, पण ३० जण बहुतेक वेळ एका दिशेने पोहायचे आणि मोठे गट चक्राकार फिरण्यात जास्त वेळ घालवायचे.

शंकासुर:
आत्ता अर्धा तास समोर बसून बघितलं. पुढचे तीन काचेपाशी वळले तेव्हा मागचे अजून तिकडेच येत होते, आणि मधले काचेपर्यंत गेलेच नाहीत, शेजारी वळला म्हणून अर्ध्यातूनच वळले! झाडातले पाच पण तेवढ्यात बाहेर आले. नाकं लालच आहेत.