व्हायोलिनवादनाचा व्यवसाय : हिंदुस्थानी की पाश्चात्त्य?

खानापूरकर : माझी मुलगी पाच वर्षे बेळगावात हिंदुस्थानी व्हायोलिन शिकते आहे, आता तिला पाश्चात्त्य चतुष्कवादन, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांचे सहवादन, शिकायचे आहे. दोन्ही पद्धती एकत्र चालतील का?

टिळकवाडीकर : वाद्य एकच असले तरी हात वेगळा लागतो. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचे टोक उजव्या घोट्यावर टेकवून वाजवतात, त्यामुळे डावा हात मोकळा राहून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, सहज निघते. तिकडे वाद्य हनुवटीखाली धरतात आणि तारा पंचमांच्या, म्हणजे सा ते प इतक्या, ठरावीक अंतराने लावतात. चतुष्कात स्वरलिपी वाचणे आणि शेजाऱ्याचा श्वास ऐकून गज फिरवणे हे मुख्य, तर आपल्या मैफलीत रागाचा विस्तार जागच्या जागी करावा लागतो. गजाननबुवा जोशी गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, आणि व्हायोलिनवादक एन. राजम यांनी गायक ओंकारनाथ ठाकुरांकडून गायकी अंग, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखे वाजवण्याची शैली, आत्मसात करून बनारस हिंदू विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले, हे मुलीला अवश्य सांगा.

शहापूरची शिक्षिका : ताई किंवा दादा, जे असाल ते, उत्पन्नाचेही बोलूया. केवळ मैफलींवर घर क्वचितच चालते. शिकवण्या, साथसंगत आणि ध्वनिमुद्रण मिळूनच महिना भरतो. पाश्चात्त्य शिक्षणासाठी पणजीची कला अकादमी आपल्याला जवळ पडते. मात्र बैठक आणि गजाची पकड एकाच वर्षी बदलू नका.

खानापूरकर : आभारी आहे. आधी स्वरलिपीवाचन सुरू करतो.