कॅसेटने गाणं गावोगावी नेलं की मातीत घातलं?

टेपवाला_बार्शी: एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्यांसाठी हळहळणाऱ्यांना एकच प्रश्न. तबकडी आणि ग्रामोफोन किती घरांत होता? १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हापासून ऐंशीच्या दशकापर्यंत कोणाचा आवाज छापायचा हे एका कंपनीने ठरवलं. तबकडीला कारखाना लागतो. कॅसेटला एक खोली आणि कॉपी करायचं यंत्र पुरे. म्हणून हजारभर प्रती काढूनही धंदा परवडायला लागला. भीमगीतं, पोवाडे, कव्वालीचे सामने, देवस्थानांच्या आरत्या, सगळं एसटी स्टँडच्या टपरीवर आलं. टेपला सेल घातले की लाइट नसलेल्या वस्तीवरही गाणं.

जुनी_सुई: एकच कंपनी? अहो, ‘शोले’चे संवाद तबकडीवर आले ते पॉलिडॉर या दुसऱ्या कंपनीच्या, १९७५ मध्ये. आणि प्रल्हाद शिंदे काही कॅसेटने शोधलेले नाहीत, एचएमव्हीने त्यांच्या तबकड्या आधीच काढल्या होत्या. कॅसेटने खरं काय वाढवलं? चोरी. मूळ कॅसेट बाजारात यायच्या आत तिची नक्कल टपरीवर. वर ‘व्हर्जन’ची टूम. १९५७ च्या कायद्यात सोय होती : गाणं येऊन दोन वर्षं झाली की नोटीस द्या, रॉयल्टी भरा, दुसऱ्याच्या गळ्यातून तेच गाणं विका. टी-सीरीज या कॅसेट कंपनीने यावर दुकान मांडलं. रफीसाहेबांची गाणी सोनू निगमच्या आवाजात, झाकणावर मूळ गायकाचा फोटो मोठा.

टेपवाला_बार्शी: पॉलिडॉर आली म्हणून बार्शीत तबकडी मिळायला लागली का? आणि सोनू निगम पुढे आला तो त्याच व्हर्जनमुळे, हे सोयीने विसरलात.

मधलीसुट्टी: कॅसेटमध्ये पेन घालून रीळ गुंडाळलेलं कोणी आहे का इथे? (अवांतर. चालू द्या.)

ढोलकी_नाशिक: तुमचं दोघांचं चालू द्या, वाजवणाऱ्याला कोणी विचारत नाही. तबकडीच्या काळात आमच्या आधीचे लोक रेकॉर्डिंगमागे पैसे घेऊन घरी जायचे. कॅसेटवाल्यानेही आम्हाला तेच दिलं. कॅसेट लाखात खपली तरी ढोलकीवाल्याला दुसरा रुपया नाही, आणि नाव तर झाकणावर नाहीच. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मागितली. रफीसाहेब म्हणाले, मानधन मिळालं, विषय संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर आमची काय! गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क करार करून काढून घेता येणार नाही, हे कायद्यात यायला २०१२ उजाडलं. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. साथीदार त्या वाटणीत कुठे आहेत?

जुनी_सुई: ढोलकीवाले, तुमचा मुद्दा वेगळा आणि खरा. पण निदान एचएमव्हीच्या स्टुडिओत वाद्यवृंद समोर बसायचा. कॅसेटच्या घाईत एक कीबोर्ड आला आणि दहा वादक घरी बसले.

ढोलकी_नाशिक: घरी बसले खरे. पण त्याच कॅसेटवाल्यांनी मला जत्रांच्या सीझनला जेवढी कामं दिली, तेवढी मोठ्या स्टुडिओने कधी दिली नाहीत. पैसे कमी, पण रोज. आता मोबाइलवर गाणं फुकट वाजतं आणि ढोलकी कॉम्प्युटरमधून येते. त्यावर बोला कोणीतरी.