विषय: मंडळाच्या सर्व्हरला रेड कार्ड वापरायचं की लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड?

प्रेषक: संग्रह समिती

नमस्कार मंडळी,

एका सभासदांनी त्यांच्या कंपनीतून निघालेला सर्व्हर मंडळाला दिला आहे. चार डिस्कची जागा आहे आणि आत रेडचं (अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी बिघडली तरी डेटा टिकवायची पद्धत) वेगळं कार्डही आहे. ८ टीबीच्या चार नव्या डिस्क घ्यायला कार्यकारिणीने मंजुरी दिली, त्या शनिवारपर्यंत येतील.

यावर जुन्या नाटकांच्या आणि गणेशोत्सवांच्या व्हिडिओ टेप, कॅसेटवरून उतरवलेली भाषणं, हस्तलिखित अंकांचे स्कॅन आणि मराठी शाळेचं साहित्य ठेवायचं आहे. काही मूळ टेप आता चालतच नाहीत. म्हणजे जे उतरवून ठेवलंय, तेवढंच आपल्याकडे उरलंय.

डिस्क कार्डावर लावाव्यात की सॉफ्टवेअर रेड करावं, म्हणजे तेच काम कार्डाऐवजी लिनक्सकडून करून घ्यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई, नमस्कार.

माझी सगळी नोकरी सर्व्हररूममध्ये गेली, म्हणून लिहितो. कार्ड आहे तर कार्डच वापरा. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची कॅश (डिस्कवर जाण्याआधी डेटा थांबतो ती मेमरी) असते आणि त्या कॅशला बॅटरी असते. लिहिता लिहिता वीज गेली तरी अर्धवट राहिलेला डेटा कॅशमध्ये टिकतो आणि वीज आली की डिस्कवर उतरतो. २०१२ च्या सँडी वादळात आपल्या न्यू जर्सीत काय हाल झाले ते सगळ्यांना आठवत असेल.

दुसरं, डिस्क गेली की त्याच खणावर पिवळा दिवा लागतो. ती ओढून काढायची, नवी घालायची, बाकीचं कार्ड बघतं. आपल्याकडे काम करणारे सगळे स्वयंसेवक. कोणाला कमांड टाइप करायला लावू नये असं मला वाटतं.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती

काका, दिव्याचा मुद्दा शंभर टक्के पटला. तरी माझं मत सॉफ्टवेअर रेडच्या बाजूने आहे.

आपली समिती दर दोन वर्षांनी बदलते. आज जो हे उभं करेल तो पाच वर्षांनी टेक्सासला नाहीतर पुण्याला असेल. तेव्हा हा सर्व्हर बंद पडला तर त्या चार डिस्क कुठल्या मशीनमध्ये वाचता येतील, हा मला पहिला प्रश्न वाटतो. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एमडी, आपली सगळी माहिती प्रत्येक डिस्कवर लिहून ठेवतं: मी कुठल्या रेडचा भाग, माझा नंबर कितवा, तुकडा केवढा. त्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला जोडा, रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमला 'असेंबल' सांगा, रेड उभं राहतं. कार्डही माहिती डिस्कवर लिहितं, पण बनवणाऱ्याच्या पद्धतीने, आणि ती वाचायला बहुतेक वेळा त्याच घराण्यातलं कार्ड लागतं. पूर्वीच्या एका नोकरीत आमचं कार्ड मेलं तेव्हा ते मॉडेल बाजारातून गेलेलं होतं. डिस्क चारही धडधाकट, पण जुनं कार्ड मिळेपर्यंत डेटा अडकून पडला. तिथे माल विकणाऱ्याशी सपोर्टचा करार तरी होता. आपल्याकडे तोही नाही.

वेगाचं म्हणाल तर कार्डाच्या प्रोसेसरला एके काळी खरंच अर्थ होता. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कलीहून १९८८ मध्ये रेडचा निबंध मांडला, त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षं पॅरिटीचं (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढता यावा म्हणून लिहिलेल्या जादा माहितीचं) गणित मुख्य प्रोसेसरला जड जायचं. आता लिनक्स सुरू होताना हेच गणित कुठल्या पद्धतीने सर्वांत झटपट होतं ते स्वतः तपासतं आणि निकाल लॉगमध्ये छापतं. साध्या प्रोसेसरवरही तो आकडा सेकंदाला काही जीबी असतो, आणि आपली एक फिरती डिस्क सेकंदाला फार तर २०० ते २५० एमबी देते. अडतं ते डिस्कपाशीच.

आता बॅटरी. या कार्डाची बॅटरी कॅश साधारण ७२ तास धरून ठेवते, तीही नवी असताना. सँडीत आपल्यापैकी अनेकांकडे त्याहून जास्त दिवस वीज नव्हती. नव्या कार्डांत कॅश फ्लॅशवर उतरवतात, त्यांना ही अडचण नाही, पण आपल्याला मिळालेलं कार्ड बॅटरीवालं आहे. बॅटरी दमली की बहुतेक कार्डं कॅशवर भरवसा ठेवणं सोडून थेट डिस्कवर लिहू लागतात आणि लिहिण्याचा वेग एकदम पडतो. शिवाय कॅशचा खरा फायदा सतत बारीक बारीक लिहिणाऱ्या डेटाबेसला. बँकेचा सर्व्हर असता तर मीही कार्डच म्हटलं असतं. आपण मात्र एक नाटक एकदा लिहिणार आणि पुढे फक्त वाचणार.

म्हणून माझी सूचना: रेड-६. चार डिस्कमध्ये रेड-१० आणि रेड-६ दोन्हींत जागा १६ टीबीच मिळते. रेड-१० मध्ये डिस्क जोडीजोडीने एकमेकींची नक्कल ठेवतात, आणि एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर सगळं गेलं. रेड-६ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. लिहायला ते हळू आहे, आपल्याला तेवढी घाई नाही. गेलेली डिस्क बदलल्यावर ८ टीबी पुन्हा भरायला, सेकंदाला १५० एमबी धरले तर, १५ तास लागतात. त्या वेळात दुसरी डिस्क कुरकुरली तर रेड-६ चं मोल कळतं.

कार्ड काढून टाकायचं नाही, पण ते एचबीए मोडमध्ये घालायचं, म्हणजे डिस्क जशाच्या तशा लिनक्सला दिसतील. हे जमत नसेल तर काही जण प्रत्येक डिस्कचं एकेकटं रेड-० (ज्यात जादा प्रत नसते) करून त्यावर सॉफ्टवेअर रेड चढवतात. तसं अजिबात करू नये. मध्ये कार्ड राहतंच, डिस्कची तब्येत नीट दिसत नाही, आणि कार्ड गेलं की पुन्हा तोच पेच. त्यापेक्षा साधं एचबीए कार्ड जुन्या बाजारात स्वस्तात मिळतं.

डिस्क मागवताना नॅससाठीच्याच (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी बनवलेल्या) घ्या आणि एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणून रेड भरताना हळू पडणाऱ्या) नाहीत हे बघून घ्या. डेस्कटॉपची साधी डिस्क खराब जागा वाचायला मिनिट-दोन मिनिटं झगडते, आणि लिनक्स ३० सेकंदांतच धीर सोडतं. मग चांगली डिस्कही रेडमधून बाहेर पडते. नॅसच्या डिस्क सातेक सेकंदांत 'वाचता येत नाही' असं कळवतात आणि रेड तो तुकडा बाकीच्या डिस्कवरून भरून काढतं.

झेडएफएस या फाइल सिस्टमचा विचार मी बराच केला. ते प्रत्येक तुकड्याची चेकसम (डेटा बदलला का ते ओळखायचा आकडा) ठेवतं, संग्रहाला हे फार मोलाचं. पण परवान्यामुळे ते लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) येत नाही आणि डेबियन या लिनक्सवर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर त्याचं मॉड्यूल नव्याने बांधावं लागतं. पुढच्या समितीवर तो भार नको. त्याऐवजी प्रत्येक फाइलची शा-२५६ चेकसम काढून तिची यादी शेजारी ठेवू.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

कार्ड बदलून मिळणार नाही, हा मुद्दा मान्य. आमच्याकडे करार असायचा आणि चार तासांत माणूस दारात, त्यामुळे ती काळजी आम्हाला कधी करावीच लागली नाही.

पण पॅरिटी अर्धी लिहिली असताना वीज गेली तर रेड-६ मध्येही डेटा आणि पॅरिटी जुळत नाहीत. बॅटरी नसली तर यूपीएस हवाच. नुसता ठेवून उपयोग नाही, बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद व्हायला हवा. यूपीएसची तार जोडून तसं बसवा आणि प्लग ओढून एकदा करून बघा. पिवळ्या दिव्याऐवजी प्रत्येक खणावर डिस्कचा सीरियल नंबर मोठ्या अक्षरात चिकटवा. चुकीची डिस्क ओढल्याने गेलेली रेड मी पाहिली आहेत.

आणि ताई, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून फोल्डर पुसला तर तो चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी. आठ-आठ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क मी देतो.

---

प्रेषक: संग्रह समिती

काका, मनापासून आभार. डिस्कबद्दल कार्यकारिणीला आजच कळवते.

तर मग एचबीए मोड, रेड-६, यूपीएस आणि दुसरी प्रत काकांच्या डिस्कवर. ती प्रत न्यू जर्सीबाहेर कोण सांभाळेल? फिलाडेल्फियाच्या बाजूला कोणी राहत असेल तर कळवा.

डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी रेडची तपासणी आपोआप करतं असं संकेतस्थळ समितीने फोनवर सांगितलं. डिस्क गेल्याची सूचना ईमेलने येते, ती कोणा एकाच्या खाजगी पत्त्यावर न जाता समितीच्या पत्त्यावर यावी. निदान तिघांनी तो पत्ता आपल्या फोनवर चालू ठेवावा. त्यात एक मी. उरलेल्या दोघांनी शनिवारच्या आत नाव द्यावं.