सततच्या काळजीवर स्वतःचं स्वतः काय करता येईल?

ऐरोलीकर:
वय ४१, नोकरी तुर्भ्याला. दोन-अडीच वर्षं डोक्यात भुंगा चालूच आहे. मुलगी क्लासहून दहा मिनिटं उशिरा आली की मी थेट अपघातापर्यंत पोचतो. ती घरात आली की ईएमआय, मग आईचं बीपी. खांदे आखडलेले, रात्री दोनला टक्क जाग. 'विचार करू नकोस' हे सोडून काहीही सांगा.

तलावपाळी:
आधी थायरॉइड तपासा. त्याचं हार्मोन वाढलं तरी धडधड, थरथर होते. माझं नॉर्मल निघालं, तेव्हा समुपदेशक बाईंनी 'काळजीची वेळ' ठरवायला लावली. हसूच आलं होतं. दिवसभरात काळजी आली की वहीत एक ओळ लिहायची, बाकी साडेसहाला. मी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर पंधरा मिनिटं वही उघडून बसायचे. पहिलं पान: 'गॅस बंद केला का', 'साहेबांनी नुसतं ओके का लिहिलं', 'बाबांचा खोकला'. पहिल्या दोन्हींत संध्याकाळपर्यंत दमच उरला नव्हता. खोकल्याचं मात्र करण्यासारखं होतं, डॉक्टरांची वेळ घेतली. मेख हीच आहे. हातातलं असेल तर एक लहान काम करून टाकायचं, 'समजा असं झालं तर' असेल तर तिथंच सोडायचं. झोपायच्या तोंडावर ही वेळ ठेवू नका, मी पस्तावलेय.

ऐरोलीकर:
आणि मुलीला सारखे फोन लावतो ते?

तलावपाळी:
तेच खतपाणी! दोन मिनिटं बरं वाटतं, पुढच्या वेळी आणखी लवकर लावावा लागतो. एकच फोन ठरवून घ्या. हात शिवशिवतील, पण लाट आपोआप उतरते. पहिला आठवडा वाईट जातो.

पामबीच_वॉकर:
कटिंग मोजा. माझे दिवसाला सात निघाले! चहा दोनवर आणला, वाशीला सागर विहारला रोज अर्धा तास चालतो. दीर्घ श्वासाने मला उलट घाबरायला व्हायचं, त्यापेक्षा स्नायूंचा व्यायाम लागू पडला. मूठ पाच सेकंद आवळायची, पंधरा सेकंद सैल. असं पायापासून कपाळापर्यंत. खांद्यांचं तर लोकलमध्ये उभ्या उभ्याही होतं.

येऊर_पायथा:
सगळं करा, पण अडीच वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. काळजी किती आहे ते मोजणारी जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी आहे, एकूण गुण २१. दहा किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. गोळ्या म्हणजे हार नाही, फक्त परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. 'ठाण्याला पाठवा याला' हा विनोद ऐकत आपण वाढलो, म्हणून पाय अडतो. माझाही अडला होता. जगणं नकोसं वाटायला लागलं तर मात्र वही वगैरे बाजूला, त्याच दिवशी फोन.

ऐरोलीकर:
तेवढं नाही, पण नंबर सेव्ह केला. वही आणली. पहिली ओळ: 'साडेसहाला मी ट्रेनमध्ये लटकलेला असतो, मग काळजी कधी करू?'

तलावपाळी:
सात वाजता, घरी. ही हातातली होती, खोडा.