साहेबांनी आधी मत द्यावं का?

उलटतपासणी: काल इथे एकाने लिहिलं, "नेत्याने आधी आपलं मत ठामपणे मांडावं, म्हणजे टीमचा गोंधळ होत नाही." राहवलं नाही. साहेबांचं मत आलं की चर्चा तिथेच संपते, पुढे नुसत्या माना डोलतात. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरीफ बेट. धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो जेट आदळली, एक डच कंपनी केएलएमचं, दुसरं अमेरिकन पॅन ॲमचं; ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं, पॅन ॲमचं विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झालं. विषय मिटला.

स्पष्टवक्ता: अर्धीच गोष्ट सांगू नका. दोन रेडिओ संदेश एकाच वेळी आल्यामुळे कंट्रोल टॉवरचं 'थांबा' हे केएलएमला नीट ऐकूच गेलं नाही. यात ठामपणाचा काय दोष? आणीबाणीत काय मतदान घ्यायचं?

उलटतपासणी: रेडिओचं मान्य. पण त्यानंतरचं पॅन ॲमचं बोलणं केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू आलं होतं, म्हणूनच तर इंजिनियरने विचारलं! समोर कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक कॅप्टन. एकदा झटकल्यावर पुन्हा कोण विचारणार?

वॉर्ड_नंबर_नाही: मी नर्स आहे. डोस जास्त वाटला तर आम्ही "सर, डोस चुकलाय" म्हणत नाही. "सर, एकदा बघता का?" म्हणतो. सरांना त्यात शंका ऐकूच येत नाही, "बघितलंय" म्हणून पुढच्या बेडकडे जातात.

स्पष्टवक्ता: मग स्पष्ट बोला ना! आडून बोलायचं आणि नंतर वरच्याला दोष द्यायचा.

वॉर्ड_नंबर_नाही: बोलले होते, राउंडमध्ये सगळ्यांसमोर. डोस बदलला. त्यानंतर सलग रात्रपाळ्या कुणाला लागल्या, विचारा. माझ्यानंतर त्या वॉर्डात कुणी तोंड उघडलं नाही.

जुना_वाचक: दोघांनीही विमान आणि वॉर्ड जरा बाजूला ठेवा. १९६१ मध्ये बे ऑफ पिग्सला, म्हणजे क्युबावरच्या फसलेल्या हल्ल्यात, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी तोंडघशी पडले. १९६२ च्या क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात सल्लागारांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून ते काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. निर्णय मात्र त्यांनीच घेतला.

स्पष्टवक्ता: बरं, वेळ हाताशी असेल तर साहेबांनी शेवटी बोलावं, एवढं घ्या. पण निर्णय झाल्यावर पुन्हा तोच काथ्याकूट नको.

उलटतपासणी: निर्णय कुणाचा, यावर वाद नव्हताच. ऐकून घेण्यावर होता.

वॉर्ड_नंबर_नाही: आणि रात्रपाळ्यांचं? त्यावर स्पष्टवक्ते काहीच बोलले नाहीत.