पुन: शनिवारची पायवाट, वेळ किती धरायची?

नमस्कार मंडळी,
उद्यानाच्या नकाशावर ८ किलोमीटरची गोल वाट ‘सोपी’ म्हणून दाखवली आहे. एकूण चढ ३०० मीटर. सोबत सहा-सात वर्षांची मुलं आणि सत्तरीतले आजी-आजोबा आहेत. दोन तासांत परत येऊ असं धरून जेवण परतल्यावर ठेवू का?
– कार्यक्रम समिती

---

दोन तास धरलेत तर सगळे उपाशी चालतील. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा अजून वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे इथे १ तास ३६ मिनिटं अधिक ३० मिनिटं. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. तुमच्या घोळक्यासाठी दीडपट करा, सव्वातीन तास झाले. पाणी, बुटांच्या नाड्या, मुलांचे दगड गोळा करणे यात अर्धा तास सहज जातो. जेवण धरून सव्वाचार. तेव्हा डबे सोबतच घ्या.

चढाचा आकडा नीट बघा. सुरुवात आणि माथा यांच्या उंचीतला फरक म्हणजे एकूण चढ नव्हे. मध्ये उतरून पुन्हा चढावा लागणारा प्रत्येक चढही त्यात मिळवावा लागतो. ‘सोपी’ हा शेरा प्रत्येक उद्यान आपापल्या मापाने देतं, त्यावर विसंबू नये.

पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, ऊन असेल तर जास्त.

---

हिशेब पटला, पण माझ्या मते गोल वाटच नको. निम्मी वाट संपल्यावर कुणाचा गुडघा धरला, तर पुढे जा नाहीतर मागे फिरा, अंतर तेवढंच. जाऊन त्याच वाटेने परत यायचं असेल, तर दमलेल्याला कुठूनही वळता येतं. फक्त परतीची वेळ घड्याळाची ठरवा, ठिकाणाची नको. ‘धबधब्यापर्यंत जाऊ’ म्हटलं की धबधबा नेहमी ‘आता आलाच’ असतो.

गोलच करायची तर तीव्र बाजूने चढा आणि मंद बाजूने उतरा. गुडघे उतारावर बोलतात.

---

पायांबद्दल थोडं. सुती मोजे नकोत. ते घाम धरून ठेवतात, ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. टाचेला चुरचुरायला लागलं की तिथेच थांबून, कातडी पुसून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावण्यात अर्थ नाही. उतार सुरू होण्याआधी घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळा, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

उंच गवतातून जाणार असाल तर परतल्यावर गुडघ्यामागे, जांघेत आणि मुलांच्या केसांत गोचीड शोधा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल ओतू नका, काडी लावू नका.

---

समितीसाठी: नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या आणि वाटेवर फोन विमान मोडवर ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते; जागा दाखवायला जीपीएसला रेंज लागत नाही. शेवटी चालायला एक मोठा माणूस नेमा, त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी तो येईपर्यंत थांबायचं. आणि गाड्यांच्या चाव्या एकाच्याच पाठपिशवीत नकोत, कारण तो लवकर परत फिरला तर बाकीचे वाहनतळावर ताटकळतात.