शब्दचर्चा : 'दुहाती' म्हणजे दोन हातांची एक, की दोन हातांत दोन?

दुधनाकाठ :
माझा चुलतभाऊ गावाकडे असतो, परभणी जिल्ह्यात. दहावी झाली, सुट्टी लागली, म्हणून माझा जुना कॉम्प्युटर त्याला दिला आणि त्यावर स्कायरिम टाकून दिला. 2011 सालचा खेळ आहे, जुन्या मशीनवरही चालतो. मेनूतलं इंग्रजी त्याला कळतं, पण गडी, म्हणजे खेळातलं आपलं पात्र, कसा घडवायचा यावरचे लांबच लांब इंग्रजी लेख तो वाचत नाही. मग मीच वहीची चार पानं मराठीत लिहून दिली. दोन्ही हातांत एकेक कुऱ्हाड घेऊन लढणारा गडी, ढाल नाही, सगळा भर वेगावर. वर नाव घातलं 'दुहाती कुऱ्हाडवाला'.

तीन आठवड्यांनी गावी गेलो तर त्याच्या गड्याच्या हातात एकच भली थोरली कुऱ्हाड. खेळातल्या जमातींपैकी त्यानं निवडलेली जमात नॉर्ड. मिळालेले सगळे पर्क, म्हणजे गड्याच्या अंगी येणारी जादा कसबं, 'टू-हँडेड'च्या झाडात, म्हणजे त्या शस्त्रांच्या पर्कच्या यादीत. मी म्हणालो, हे काय करायलास? त्यानं वही पुढे केली. "दादा, तूच लिवलंस की. दुहाती म्हंजी टू-हँडेड."

यात त्याची चूक मला सापडेना. खेळात हातघाईच्या शस्त्रांची दोन झाडं आहेत, एका हाताच्या शस्त्रांचं वेगळं आणि दोन हातांच्या शस्त्रांचं वेगळं. लहान कुऱ्हाड एकहातीत येते, मोठी दोनहातीत. दोन लहान कुऱ्हाडी घेणाऱ्यानं वाढवायचं असतं ते एकहातीचं झाड. म्हणजे मी ज्याला दुहाती म्हणालो, तो खेळाच्या हिशेबानं एकहाती. नॉर्डला सुरुवातीलाच दोनहाती शस्त्रांत 10 गुण जास्त मिळतात, तेच 10 रेडगार्ड जमातीला एकहातीत मिळतात. पोराची गाडी पहिल्याच वळणावर दुसऱ्या रस्त्याला लागली, ती माझ्या शब्दामुळं.

मला दोन शब्द हवेत. दोन हातांनी धरायच्या एका कुऱ्हाडीला एक, आणि दोन हातांत दोन कुऱ्हाडी घेणाऱ्याला एक. पोराच्या तोंडात बसतील असे.

जुने मास्तर :
शब्द तयार आहे, सव्यसाची. दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्यानं बाण सोडणारा अर्जुन. गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंत त्याला याच नावानं हाक मारतात. शस्त्रही सांगायचं असेल तर 'द्विपरशुधारी' करा. कुऱ्हाड हे सरपणाचं अवजार आहे. योद्ध्याच्या हातात परशू शोभतो.

तिफण :
मास्तर, सव्यसाचीच्या हातात धनुष्य एकच होतं. तो शब्द हातांचं कसब सांगतो, शस्त्रं किती ते सांगत नाही. दुधनाकाठ यांची अडचण नेमकी तीच आहे.

माझं म्हणणं, त्यांनी 'दु' चुकीच्या शब्दाला जोडला. आपल्या भाषेत 'दु' ज्याला चिकटतो ती वस्तू दोन असते. दुनळी बंदूक म्हणजे दोन नळ्यांची. दुधारी तलवारीला धारा दोन. दुमजली घराला मजले दोन. ज्या अवजारानं आपण पिढ्यान् पिढ्या पेर करतो ती तिफण, कारण फण तीन. मग दुहाती कुऱ्हाड म्हणजे जिला हात दोन लागतात ती. भावानं अगदी व्याकरणानं वाचलं. दोन कुऱ्हाडी असणारा तो 'दुकुऱ्हाडी'. दुकुऱ्हाडी गडी. तिफण हाकणाऱ्या माणसाला हा शब्द उलगडून सांगावा लागणार नाही.

मन्याड :
दुकुऱ्हाडी म्हणताना जीभ अडखळते हो. पाच वेळा भरभर म्हणून बघा.

लोहारआळी :
एक गोष्ट सुटतेय. लाकूड फोडायची कुऱ्हाड मुळात दोन हातांचीच असते. खालचा हात दांड्याच्या टोकाशी घट्ट, वरचा हात घाव घालताना खाली सरकत येतो, तेव्हाच वजन उतरतं. त्यामुळं खेड्यातल्या माणसाला 'दुहाती कुऱ्हाड' म्हणणं म्हणजे 'दुचाकी सायकल' म्हणण्यासारखं आहे.

एका हाताची असते तिला आमच्या घरात 'कुऱ्हाडी' म्हणत. फांद्या सवळायची, हातभर दांड्याची. माझे वडील दोन्ही घडवायचे. नेढं, म्हणजे दांडा बसवायचं भोक, पाडायची रीत तीच, पण कुऱ्हाडीला लोखंड कमी आणि पातं पातळ. बाभळीचा दांडा, वरून पाचर. पाजवायला आणणारी गिऱ्हाइकं पण नेमकं बोलायची, "कुऱ्हाड नव्हं, कुऱ्हाडी आणलीय." सांगायचा मुद्दा, मोठी ती कुऱ्हाड, लहान ती कुऱ्हाडी. तुमचे दोन्ही शब्द घरातच पडलेत.

दुधनाकाठ :
लोहारआळी, हे वाचून खरंच बरं वाटलं. खेळातही हिशेब असाच आहे. फक्त एक घोळ. 'कुऱ्हाड'चं अनेकवचन पण 'कुऱ्हाडी'च. 'दोन कुऱ्हाडी' लिहिलं तर मोठ्या दोन की लहान दोन?

तिफण :
लहान असतील तर 'दोन कुऱ्हाड्या'. काडी-काड्या, माडी-माड्या, तसं.

जुने मास्तर :
कुऱ्हाड्या हा शब्द मी 34 वर्षांच्या नोकरीत कोणाच्या वहीत पाहिला नाही.

लोहारआळी :
वहीत नसेल सर. भात्यापुढं रोज ऐकलाय.

उमरगा सीमा :
आमच्याकडे कानडी घरांत कुऱ्हाडीला कोडली म्हणतात. मराठी बोलतानाही म्हातारी माणसं मधेच कोडली म्हणून जातात.

मन्याड :
देगलूरकडे तेलुगू बोलणाऱ्यांत गोड्डली. कोडली, गोड्डली, कुऱ्हाड, सगळ्या एकाच गोताच्या वाटतात मला.

जुने मास्तर :
कुऱ्हाड संस्कृत कुठारापासून आली, मधला मुक्काम प्राकृतात. कानडी-तेलुगूचा यात संबंध नाही.

मन्याड :
संबंध नाही असं कसं म्हणता, सर? कुठार हाच दक्षिणेतून वर गेला असेल तर? जंगल तोडणाऱ्याचं हत्यार आहे. जो तोडत होता त्याच्याच तोंडचा शब्द असणार. माझ्याकडे पुरावा नाही, पण कान मला हेच सांगतो. आमचे आजोबा तर सांगायचे, कुळाचं हाड मोडते ती कुऱ्हाड. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हटलं की ते हमखास हे जोडायचे.

तिफण :
आजोबांची व्युत्पत्ती गोड आहे, पण तिच्यावर शब्द तोलता येणार नाही. 'ठ'चा 'ढ' होणं आणि 'ट'चा 'ड' होणं हे प्राकृतात नेहमीचं आहे, तिथं हाड शोधायची गरज नाही.

जुने मास्तर :
मूळ मुद्द्याकडे येतो. अवजार आणि शस्त्र यांत भेद हवा की नको? गणपतीच्या हातात काय आहे? परशू. जमदग्नीच्या मुलाला काय म्हणतो आपण? परशुराम. कुऱ्हाडराम कोणी म्हणत नाही. कुऱ्हाडीचं नातं झाडाशी. पाणलोटाची कामं गावात आली तेव्हा चराईबंदीबरोबर कुऱ्हाडबंदी आली. ती बंदी झाडं तोडण्यावर होती, हाणामारीवर नव्हती. भाषेनं हे दोन कप्पे केलेले असताना आपण ते मोडू नयेत.

बालाघाटची :
सर, कुऱ्हाडीनं वार केल्याच्या बातम्या पेपरात दर आठवड्याला असतात. परशूनं वार झाल्याची एकही वाचली नाही. रक्त काढते ती कुऱ्हाडच.

तिफण :
आणि 'परशू' तरी तसाच कुठं राहिला? ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात गणेशाचं रूपक आहे, सहा दर्शनं म्हणजे त्याचे सहा हात. आमच्या घरच्या पोथीत तिथं 'तर्कु तोचि फरशु' असा पाठ आहे. शके 1212 चा ग्रंथ, म्हणजे इसवी सन 1290. ज्ञानोबांचं आपेगाव आपल्या पैठणजवळचं. माउलींना फरशू चालला, मग आपण संस्कृताला जास्त जपून कोणती शुद्धता राखतोय? मला या ठिकाणी फार तळमळ वाटते. तद्भव शब्द हा बिघडलेला शब्द नसतो, हजार तोंडांतून फिरून गुळगुळीत झालेला असतो.

मन्याड :
मग 'फरशी'च घ्या. फरशी कुऱ्हाड म्हणतातच की.

लोहारआळी :
फरशी कुऱ्हाड वेगळी, रुंद पात्याची. पण नुसतं 'दोन फरश्या घे' म्हणालात तर पोरगं शहाबादीच्या दुकानात जाईल.

उमरगा सीमा :
आमचे पणजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्यांच्या तोंडी 'तबर' होतं. फारसीतून आलेला शब्द, अर्थ कुऱ्हाडच. दोन अक्षरं जोडून बघा, 'दुतबरी'. कानाला कसं खणखणीत लागतं.

जुने मास्तर :
1948 साली आपण निजामापासून सुटलो. आता त्याचे शब्द उकरून काढायचे?

उमरगा सीमा :
सुटलो ते सत्तेपासून, सर. पणजोबा मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेले होते आणि तिथून घरी पत्र लिहिलं ते उर्दूत. घरात त्याचा कोणी विटाळ मानला नाही. तारीख, अर्ज, कागद, जमीन, सगळं फारसी-अरबीतून आलेलं. तबर एकटीच परकी कशी?

दुधनाकाठ :
तबर मला आवडली, पण भावाला कळणार नाही.

थोडं खेळाचं सांगतो, म्हणजे शब्दाला काय काय पेलायचंय ते कळेल. दोन्ही हातांत शस्त्रं असली की खेळात वार अडवता येत नाही. ढाल सोडाच, शस्त्र आडवं धरूनही नाही. म्हणून हा गडी हल्ल्यावरच जगतो. लोखंडी तलवारीचा मूळ मार 7, लोखंडी कुऱ्हाडीचा 8, गदेचा 9. वेगात तलवार पुढं, गदा मागं, कुऱ्हाड मध्ये. कुऱ्हाडीचा पर्क घेतला की जखम वाहती राहते, घाव घालून बाजूला झालात तरी समोरच्याचा जीव उतरत राहतो. दोन शस्त्रांसाठी वेगळे पर्क आहेत. एकानं हात आधी 20 टक्के आणि मग 35 टक्के जलद चालतात, दुसऱ्यानं दोन्ही शस्त्रांच्या जोराच्या घावाचा मार 50 टक्के वाढतो. पण जोराच्या घावात दम भराभर संपतो. 'स्टॅमिना'ला मी वहीत 'दम' लिहिलं होतं आणि ते भावाला न सांगता कळलं. वाहत्या जखमेला 'भळभळ' लिहिलं, तेही कळलं. अडलं ते फक्त नावाशी.

मन्याड :
'दम' फर्मास आहे. आणि 'बिल्ड'ला काय लिहिलंत?

दुधनाकाठ :
'गडी घडवणे'. तालमीत पोरगा घडतो तसं.

तिफण :
पर्कला?

दुधनाकाठ :
पर्कच ठेवलं. 'विशेष कौशल्यलाभ' लिहून भावाला छळायचं नव्हतं.

जुने मास्तर :
इथं मी तुमच्या बाजूनं आहे. कृत्रिम शब्दापेक्षा पर्क बरा.

मन्याड :
मग ड्युअल अ‍ॅक्स पण तसंच ठेवा की. पोरं तेच म्हणायलीत.

तिफण :
पर्कला आपल्याकडे वस्तूच नव्हती म्हणून शब्द घेतला. कुऱ्हाड घरात आहे, दोन मोजता येतात, हात दोन आहेत. तिथं उसनं कशाला?

बालाघाटची :
दोन मोजता येतात म्हणालात म्हणून लिहिते. आमच्याकडे हत्यार मोजायची रीत तुमच्या गणितात बसत नाही. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे दोन माणसं. नवरा आणि बायको. मुकादमाच्या वहीत 12 कोयते लिहिले असतील तर टोळीत 24 माणसं असतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, माणसावर नाही.

माझे आईवडील दसरा-दिवाळी झाली की कोयत्यावर जायचे. मी लहानपणी कोपीतच, तोडकऱ्यांच्या झोपडीतच, वाढले. डाव्या हातात ऊस, उजव्यात कोयता, बुडाशी वाकून घाव. एक साल वडील आजारी पडले आणि आई एकटी निघाली. वहीत तिच्यापुढं लिहिलं 'अर्धा कोयता'. तिच्या हातात कोयता अख्खा होता. मला तेव्हा वाचता यायला लागलं होतं, आणि तो 'अर्धा' शब्द मी कितीतरी दिवस मनातून काढू शकले नाही. तुम्ही एका माणसाच्या दोन कुऱ्हाडींना शब्द शोधताय. माझ्या गावात एका कोयत्यात दोन माणसं बसवलेली आहेत आणि शब्द कोणाला खटकत नाही.

लोहारआळी :
ताई, असे कोयते आमच्या भात्यावर शेकड्यानं पाजवलेत. हे माहीत असूनही कधी असं पाहिलं नव्हतं.

तिफण :
औताचं तसंच आहे. एक औत म्हणजे दोन बैल. 'घरी किती औतं?' असं विचारायचे, बैल किती असं नाही. जोडी मिळूनच एक धरायची, ही आपल्या मोजणीची जुनी खोड असावी. एकच बैल असला तर शेजाऱ्याशी सावड करायची, पण अर्धं औत म्हटलेलं मी ऐकलं नाही.

बालाघाटची :
बैलाला अर्धं म्हणवत नसेल.

जुने मास्तर :
ताई, त्या वर्षी आईंनी मग एकटीनंच सगळा हंगाम काढला का?

बालाघाटची :
नाही सर. माझी आत्या विधवा होती, ती सोबत आली. दोघींचा मिळून एक कोयता झाला. एकीनं तोडायचं, दुसरीनं मोळ्या बांधायच्या, अंधार पडेपर्यंत. वाढं विकून आलेले पैसे त्या दोघी निम्मे निम्मे घ्यायच्या.

उमरगा सीमा :
वाढं की वाडं, ताई? आमच्या बाजूला उसाच्या शेंड्यांना वाडं म्हणतात.

बालाघाटची :
आमच्याकडे वाढं. आत्या मात्र वाडं म्हणायची, तिचं सासर तुमच्याच बाजूचं होतं.